बाबा ‘चालेल’ म्हणाले

आमच्या मुलीला घरात आणि घराबाहेर सगळे टिकली म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिकली. आता दहा चाकांचा ट्रक चालवते, तरी एवढीशीच आहे. सीटवर फोमची जाड बैठक टाकल्याशिवाय तिला समोरचा रस्ता धड दिसत नाही. गाडी लांबून येताना पाहिली तर वाटतं, स्टिअरिंगमागे कुणी नाहीच. जवळ आली की आधी दोन भुवया दिसतात, मग मुलगी.

पदवी मिळाल्यावर ती खुर्चीत बसून काम करेल, अशी माझी समजूत होती. बसूनच करते म्हणा. आधी एका लाँड्रीची व्हॅन चालवायची, हॉटेलांच्या चादरी न्यायची-आणायची. त्यातून साठवून, थोडं कर्ज काढून तिनं एका म्हाताऱ्या ड्रायव्हरचा ट्रक विकत घेतला. किल्ली देताना ते गृहस्थ मुलीला सासरी पाठवावी तसे सूचना देत होते. “सकाळी हिला घाई करायची नाही. आधी खोकते, मग बोलते. चढावर कुरकुरते, पण काम सोडत नाही.” त्यावरून गाडीचं नाव पडलं आत्याबाई. माझ्या नणंदेनं हे अजून मनाला लावून घेतलेलं आहे.

ज्याची एकच गाडी आणि जो स्वतःच ती चालवतो, त्याला माल मिळणं सोपं नसतं. कारखानदार विचारतो, “गाड्या किती?” एक म्हटलं की त्याचं लक्ष घड्याळाकडे जातं. त्यात चालवणारी बाई, तीही टिकली. म्हणून असे एकएकटे मालक एखाद्या डिस्पॅचवाल्याकडे नाव नोंदवतात. कुठून कुठे काय जायचंय ते तो शोधतो, भाव ठरवतो, कागद पाठवतो आणि भाड्यातला आपला हिस्सा ठेवून घेतो. टिकलीचा डिस्पॅचवाला म्हणजे एक बाई. सगळे ड्रायव्हर तिला ताई म्हणतात, तिच्या वडिलांच्या वयाचेसुद्धा. आम्ही तिला पाहिलेलं नव्हतं. फक्त आवाज. घोगरा, घाईतला, दर वाक्यागणिक दुसऱ्याच कुणाला तरी ओरडणारा.

पहिल्यांदा टिकलीचा फोन मी उचलला, तेव्हा पलीकडून विचारलं गेलं, “रिकामी आहे का?”

मी म्हणाले, “रिकामी कशाला असेल? भांडी घासतेय.”

“अहो, गाडी!”

तर ही ताई. ड्रायव्हरांनी द्यायची तिच्याकडे तीनच उत्तरं असतात. ‘चालेल’ म्हणजे माल घेतला. ‘नाही चालणार’ म्हणजे सोडला, त्याचा राग नाही. आणि ‘बघते’ म्हणजे काहीच नाही, तसं म्हणणाऱ्याला ताई सांगते, “तू बघत बस, मी दुसऱ्याला देते.” एकदा ‘चालेल’ म्हणून जो मागे फिरतो, त्याची गाडी यादीतून जाते. मग कितीही हातापाया पडा.

त्या दिवसांत आमच्या घरात एकच विषय होता, बाटल्यांची फेरी. इथल्या काचेच्या कारखान्यातून बाटल्या न्यायच्या, तिकडून कागदाचे रोल भरून यायचं. जाताना भरलेली, येताना भरलेली, आणि दर तिसऱ्या दिवशी घरी. नव्या गाड्यांपैकी एकीला ताई ही फेरी देणार होती. टिकलीला ती हवी होती, कारण रिकामी गाडी पळवणं तिला जिवावर येतं. मला तिच्याहून जास्त हवी होती. ती गाडीवर असली की मला झोप लागत नाही. मी सहा गावांचं हवामान बघत बसते. ठरलेला रस्ता असता तर निदान दोन गावांच्या हवामानावर भागलं असतं.

आता ह्यांच्याविषयी. ह्यांची सगळी नोकरी टपाल कचेरीच्या खिडकीत गेली, आणि त्या खिडकीतून लोकांना एकच शब्द ऐकू आला असेल: चालेल. तिकीट उलटं लागलंय, चालेल. सुटे नाहीत, चालेल, उद्या द्या. आमचं ठरताना माझ्या वडिलांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, “मुलगी काळजी फार करते हं.” हे म्हणाले, “चालेल.” त्यात आवाज बारीक. फोनवर गॅसवाला ह्यांना आजवर मॅडम म्हणत आलाय, आणि तेही ह्यांना चालतं.

एका दुपारी टिकली आत्याबाईच्या खाली शिरून ग्रीस भरत होती. फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर होता. मी कपडे वाळत घालत होते. आतून ह्यांचा आवाज आला, “हो हो. चालेल. अच्छा? चालेल, चालेल. दोन? दोनही चालतील.”

मी आत आले. “कुणाचा होता?”

“कुणास ठाऊक. फार घाईत होत्या बाई. पियानो चालेल का म्हणाल्या. मला वाटलं, टिकलीला काही भेट वगैरे देताहेत.”

“पियानो? भेट?”

“नाही म्हणायचं कसं? एवढ्या आपुलकीनं विचारत होत्या.”

तेवढ्यात फोनवर कागद येऊन पडला. टिकली हात पुसत आत आली, तिनं तो वाचला आणि आहे तिथेच फरशीवर बसली. आठ पियानो. दुसऱ्या दिवशी पहाटे भरायचे आणि संध्याकाळच्या आत, दोन जिल्हे ओलांडून, एका नव्या संगीतशाळेत पोहोचवायचे. गाडीत दोन माणसं हवीत, कारण माल पाठवणाऱ्यांची अट होती की वाटेत गाडी एक क्षणही एकटी सोडायची नाही. तोपर्यंत टिकलीनं सिमेंट, फरश्या आणि पशुखाद्याची पोती नेली होती. ज्याला आदळआपट झाली तर काही वाटत नाही, असा माल.

“बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्ही चालेल म्हणालात?”

“एकच पियानो ऐकू आला मला,” हे म्हणाले.

मी म्हणाले, “ताईंना सांगून टाक ना, वडिलांनी चुकून फोन घेतला.”

“ताईला रोज दहा जण असंच सांगतात, आई. कुणाचे वडील, कुणाचं पोर, कुणाचं नेटवर्क. माझ्या फोनवरून गेलेला शब्द माझाच. आत्ता मागे फिरले तर बाटल्या विसरायच्या.” मग कपाळाला ग्रीसचा हात लावून म्हणाली, “नेईन मी. पण दुसरं माणूस कुठून आणू?”

नेहमी बरोबर येणारा तिचा मदतनीस तापानं पडला होता. हे लगेच उठले. “मी येतो. चूक माझी आहे.” ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आत्याबाईची पहिली पायरी माझ्या कमरेएवढी आहे. टिकलीनं ह्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मी येते.”

दोघंही एकदम हसली. मला राग आला आणि म्हणूनच मी गेले.

जुनी संगीतशाळा एका अरुंद गल्लीत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर होती. इमारत पाडणार होते म्हणून शाळा बंद झालेली. हमालांनी पट्ट्यांवर तोलून एकेक पियानो जिन्यावरून उतरवला, आणि दर पियानोबरोबर शाळेच्या म्हाताऱ्या बाई खाली यायच्या, झाकणावर हात फिरवायच्या, पुन्हा वर जायच्या. शेवटी त्यांनी टिकलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला काही फार वेळ लागला नाही.

“तूच चालवणार?”

“हो.”

“वाटेत यांना एकटं सोडायचं नाही. सवय नाही त्यांना.”

“आईला आणलंय,” टिकली म्हणाली. बाईंचा जीव भांड्यात पडलेला दिसला. माझा तोपर्यंत कुठेच पडलेला नव्हता.

ती गाडीच्या आत शिरली आणि मी पहिल्यांदा तिला काम करताना जवळून पाहिलं. घोंगड्यांत गुंडाळलेले पियानो पाठीला पाठ लावून उभे केलेले. ती दोन पियानोंच्या फटीत सहज मावली. एवढीशी असण्याचा असाही उपयोग असतो. पट्टा आवळायचा, बोटानं छेडून बघायचा, मान हलवायची, पुन्हा आवळायचा. हमाल बाहेरून म्हणाला, “अहो, बांधताय की सूर लावताय?” ती आतूनच ओरडली, “तुम्ही शेवटी खाली आणलेल्याचा कोपरा घासलाय, तो मी बघितलाय. कागदावर लिहून सही करा, मग विनोद करा.” हमालानं निमूट सही केली. घरी साधी चहाची बशी कुठे ठेवायची हे मला विचारणारी मुलगी ही.

आत्याबाई खोकली, मग बोलली, आणि आम्ही निघालो.

मला गाडीत चढायला खालून हमालाची आणि वरून टिकलीची मदत लागली, हे सोडून देऊ. वर बसल्यावर मात्र जग वेगळंच दिसतं. घरांचे पहिले मजले समोर येतात. लोकांच्या गॅलऱ्या, वाळणारे मोजे, दात घासत उभा राहिलेला एक माणूस. त्यानं मला ब्रशनंच सलाम केला. मीही केला. गाव संपेपर्यंत माझी हातातल्या पिशवीवरची पकड सैल झाली होती.

गावाबाहेरच्या पुलाचा सांधा ओलांडताना मागून एक आवाज आला. खोल, लांबट, आठ जणांनी तोंड मिटून एकदम हुंकार द्यावा तसा.

“काय झालं? काय पडलं?”

“काही नाही पडलं. तारा घुमल्या.” टिकलीनं वेग उतरवला. “ते बोलले म्हणजे मी चुकले, आई. आता त्यांना बोलू द्यायचं नाही.”

त्यानंतर तिनं जे चालवलं, त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. खड्डा दिसायच्या कितीतरी आधी तिचा पाय उचललेला असायचा. गतिरोधकावर आत्याबाई पोटाशी अंडी घेतल्यासारखी चढायची आणि उतरायची. मागचे मोटारवाले हॉर्न वाजवून ओरडत जायचे, “झोपलात का?” टिकली खिडकीतून हसून हात करायची. तिचं सगळं लक्ष पाठीमागे होतं, कानांत. मधेच एखादा बारीक स्वर निसटला तर ती म्हणायची, “सॉरी,” आणि ते मला नव्हतं. पुढे पुढे मीही ऐकायला लागले. मैलोन्‌मैल मागून चकार शब्द आला नाही, तेव्हा मला इतकं भारी वाटलं, जणू पियानो मीच गप्प बसवलेत.

मी डबा उघडला, तिला घास भरवला. तिनं रस्त्यावरची नजर न हलवता तोंड उघडलं. लहानपणी ह्याच घासासाठी मी तिच्यामागे तीन खोल्या धावायची.

दुपारी आम्ही एका पेट्रोल पंपाजवळच्या चहाच्या टपरीशी थांबलो. आळीपाळीनं उतरायचं ठरलेलं. ती गेली तेव्हा मी मागच्या दाराला पाठ लावून, पिशवी छातीशी धरून उभी राहिले. पियानो पळवायला कुणी येईल असं नव्हे, पण आलंच असतं तर पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती.

तेवढ्यात शेजारच्या ट्रकमधून एक दांडगा माणूस उतरला. मिशा एवढ्या, की त्यांच्यामागे चेहरा शोधावा लागेल. हे टिकलीचे मिशावाले काका; रस्त्यावर तिला ज्यांनी ज्यांनी शिकवलं त्यांतले पहिले. तिनं नाव नोंदवलं तेव्हा सगळे ड्रायव्हर म्हणायचे, “टिकली टिकणार का?” आणि हे काका म्हणाले होते, “टिकली तर नावातच लिहिलंय.”

“काय गं, क्लीनर बदललास?” चहाचा ग्लास घेऊन परतलेल्या टिकलीला त्यांनी विचारलं.

“आई आहे माझी, काका.”

“मग बरोबर. गाडीपेक्षा ह्याच जास्त गरम झालेल्या दिसतात.” मग मला हात जोडून म्हणाले, “वहिनी, बसा आरामात. ही पोरगी काचेचा ग्लास बॉनेटवर ठेवून घाट उतरेल.” आणि पुन्हा तिच्याकडे वळून, “पण पुढे नदीवरचा पूल बंद केलाय दुपारपासून. वळसा घालून जावं लागेल, चांगलाच लांब. नाहीतर कालव्याच्या कडेचा जुना रस्ता. तो जवळ आहे, पण त्याला रस्ता म्हणायला जीभ धजत नाही.”

टिकलीनं लगेच ताईला फोन लावला. स्पीकरवर ठेवला म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

“कालव्यानं जा,” ताई म्हणाली. “तिकडे संध्याकाळी शाळेचं उद्‌घाटन आहे, शे-दीडशे माणसं बोलावलीत त्यांनी. वेळ लिहून दिलीय मी.”

“रस्ता बघून सांगते.”

“बघतेबिघते मला सांगू नकोस—”

पण टिकलीनं खरंच बघितलं. कालव्याच्या फाट्यावर गाडी उभी केली, खाली उतरली आणि चालत निघाली. मी वर बसून तिची ती छोटीशी आकृती लांब जाताना पाहत होते. खड्डा आला की ती थांबायची, त्यात उतरायची. एके ठिकाणी तर गुडघ्यापर्यंत दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा बुटांना चिखल होता आणि चेहरा घट्ट झालेला.

मी म्हणाले, “हळूहळू नेली तर? अगदी हळू?” खरं सांगायचं तर मला त्या क्षणी पियानो दिसत नव्हते. बाटल्या दिसत होत्या. दर तिसऱ्या दिवशी दारात उभी असलेली आत्याबाई दिसत होती.

“आई, हळू नेली तरी गाडी कलणारच. एक पट्टा सरकला तर आठही एकमेकांवर जातील.” तिनं फोन उचलला.

“ताई, कालव्यानं नाही चालणार. मी वळशानं येते. उशीर होईल. तुम्ही त्यांना आत्ताच कळवा, म्हणजे आधी भाषणं उरकून घेतील.”

पलीकडे ताईनं आधी दुसऱ्या फोनवरच्याला ‘थांब जरा’ म्हटलं.

“काल चालेल म्हणालीस. वेळेसकट चालेल म्हणालीस.”

टिकलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: नको सांगूस. तिनं सांगितलं.

“मी नाही म्हणाले. बाबा म्हणाले. मी गाडीखाली होते, फोन त्यांनी घेतला. पण माझ्या फोनवरून गेलं म्हणून मी निघाले. माल नीट पोहोचवेन. वेळ मात्र माझ्या हातात राहिलेली नाही.”

“ते बाबा होते?” ताई म्हणाली. “मला वाटलं, तुला सर्दी झालीय.” मग, “जा वळशानं,” आणि फोन बंद.

मग तो लांब वळसा लागला. पण गंमत अशी, की मला वाटली होती तेवढी भीती वाटत नव्हती. उजवीकडे पिवळ्या फुलांची शेतं पार डोंगरापर्यंत गेलेली. एका वळणावर शाळा सुटलेली पोरं हाताची मूठ वरखाली करून हॉर्न मागायला लागली. टिकलीनं दोनदा हॉर्न दिला, पोरांनी उड्या मारल्या, आणि मागून पियानोंनी अगदी हलकं ‘हं’ केलं. “हे हॉर्नमुळे,” ती घाईघाईनं म्हणाली. “माझ्यामुळे नाही.” मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की डोळे पुसण्यासाठी तिला रुमाल मला धरावा लागला.

नव्या संगीतशाळेसमोरच्या रस्त्यावर पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. सगळी माणसं बाहेर फुटपाथवर येऊन उभी. भाषणं संपली होती, खाणं संपलं होतं, आणि मुलांनी वाट बघून बघून वाद्यांशिवायच गायला सुरुवात केली होती. ट्रक वळताना दिसला तशी गाणं सोडून पोरं ओरडायला लागली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण शाळेच्या मुख्य बाई धावत पुढे आल्या आणि त्यांनी दार उघडून माझाच हात हातात घेतला. “एवढ्या लांब चालवत आलात, तेही ह्या वयात!”

“मी नाही,” मी म्हणाले. “ती खाली उतरतेय ती.”

पियानो उतरवायला पालकांमधले धट्टेकट्टे पुढे सरसावले, पण टिकलीनं आधी कुणाला हात लावू दिला नाही. पट्टे ज्या क्रमानं बांधले, त्याच्या उलट क्रमानं तिनं सोडले. मग एकेक पियानो उतारावरून सरकत दालनात जाऊन उभा राहिला. तिथे पियानोचे सूर लावणारे एक बारीक अंगाचे गृहस्थ हत्यारांची पेटी उघडून बसले होते. प्रवासात पियानो थोडा उतरतोच, तो नंतर लावायचा असतो. पण आतला मार सूर उतरण्यापेक्षा वाईट, असं त्यांनी मला समजावलं. ते एकेका पियानोची फळी काढून टॉर्चनं आत बघत, सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत वाजवत आणि म्हणत, “ठीक. पुढचा.” टिकली त्यांच्या मागे मागे. मला तिचे हात दिसत होते; दहावीच्या निकालाच्या दिवशी असेच मागे बांधले होते.

आठव्याची एक पट्टी मुकी निघाली. गृहस्थांनी भुवई उचलली. टिकलीचा चेहरा पडला. त्यांनी आत हात घातला, बराच वेळ चाचपलं, आणि एक खोडरबर बाहेर काढलं. दगडासारखं झालेलं, कोपऱ्यावर दातांचे ठसे.

“हे तुमच्या गाडीतलं नाही,” ते म्हणाले. “हे तुमच्या जन्माच्या आधीचं असणार.” पट्टी पुन्हा दाबली. वाजली. “ठीक.”

टाळ्या पडल्या. टिकलीला कळेना, टाळ्या कुणासाठी. तीही वाजवायला लागली.

पोचपावतीवर सही घेऊन ती बाहेर आली आणि फोन वाजला. ताई.

“परतीचा माल आहे. उशा. सकाळी तिथल्याच कारखान्यातून भर. चालेल?”

“चालेल.”

“आणि इथे उतरवून झालं की ऑफिसला ये.”

टिकली फोन खिशात ठेवायची विसरली. मी विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “ताई कुणाला ऑफिसला बोलवत नाही, आई. बोलावते ते कागद परत करायला.”

परतीचा प्रवास खरं तर सगळ्यात मजेचा व्हायला हवा होता. मागे नुसत्या उशा. ठोकर बसली तरी मागून आवाज म्हणून नाही. आम्ही रात्री शाळेच्याच पाहुण्यांच्या खोलीत झोपलो होतो, उशीर झाल्याचं मी ह्यांना फोनवर सांगून टाकलं होतं, सकाळी गरम चहा मिळाला होता, ऊन छान होतं. टिकलीनं मला सगळं दाखवलं: कुठल्या वळणावर मोर दिसतो, कुठला पंपवाला हवा भरताना चेष्टा करतो, कुठल्या चढावर आत्याबाईला ‘शाबास, शाबास’ म्हणावं लागतं. मीही म्हणाले. पण गाव जवळ यायला लागलं तशी ती गप्प झाली. एकदाच म्हणाली, “ऑफिसला बोलावल्याचं बाबांना सांगू नकोस हं. त्यांना वाटेल त्यांच्यामुळे.”

ताईचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या माथ्यावर, एका खोलीचं. जिन्यात रबराचा वास. दार उघडलं तर समोर सगळी भिंत भरून नकाशा, त्यावर रंगीत लोहचुंबकाच्या टिकल्या, प्रत्येकीवर गाडीचा नंबर. तीन फोन, एक टेबल, एक झाकण नसलेला थर्मास. आणि टेबलामागे माझ्याच वयाची, गोल चष्म्याची बाई, पाय स्टुलावर, एका फोनवर कुणाला तरी झापत: “जनावरं चढवतोयस की माणसं? मग हळू बोल त्यांच्याशी!” तिनं फोन ठेवला, आमच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर गोंधळ उमटला.

“टिकली कोण तुमच्यातली?”

“मी,” टिकली म्हणाली.

“आणि ह्या?”

“आई. दुसरं माणूस.”

ताई पुन्हा एकदा टिकलीकडे बघत राहिली. मग पाय खाली घेतले. “बस. चहा घे. तुझ्या बाबांनी सकाळी फोन केला होता.”

टिकलीनं हातात घेतलेला कप तसाच खाली ठेवला.

“म्हणाले, चूक माझी, मुलीला काढू नका. अर्धा तास बोलत होते. मी म्हटलं, अहो, मी काढत नाहीये, मी फेरी देतेय. तर म्हणाले, ‘चालेल.’” ताईनं चष्मा काढून पुसला. “मग म्हणाले, ‘थांबा, तिलाच विचारा, मी काही बोललो नाही.’”

टिकली हसली नाही. “मी उशिरा पोहोचले, ताई.”

“पोहोचलीस. मला दुपारीच कळवलंस म्हणून मी तिथे दुपारी सांगू शकले. इथे सगळे चालेल, चालेल म्हणतात आणि मग संध्याकाळी फोन बंद करून बसतात. बाटल्याही काचच आहेत. सोमवारपासून जायचं का, तू सांग. तू स्वतः सांग.”

“कारखान्याच्या फाटकाची उंची काय आहे?” टिकलीनं विचारलं. “आणि तिकडे भरायला किती वेळ उभं करतात?”

ताईनं उत्तरं दिली. टिकलीनं अजून दोन प्रश्न विचारले. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. माझ्या मनात ती केव्हाच हो म्हणून मोकळी झाली होती. शेवटी ती म्हणाली, “जाते.” ताईनं नकाशावरची एक हिरवी टिकली उचलून तिच्या तळहातावर ठेवली. “लाव तूच.” टिकलीला खुर्चीवर चढावं लागलं.

एवढ्यात खालून आरडाओरडा झाला. “अहो, कुणाचा ट्रक? दुकान बंद करायचं का आम्ही?” टिकली “आले, आले” म्हणत दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. ताई आणि मी खिडकीशी आलो.

खाली गल्ली ती केवढी. एका बाजूला टायरची चळत, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, मधे लावलेल्या सायकली. आणि त्यात आत्याबाई, डोंगर सरकावा तशी मागे यायला लागलेली.

“ही एवढी मोठी आहे?” ताई पुटपुटली. तिच्या आवाजातली सगळी जरब गेली होती. नकाशावरची ती हिरवी टिकली नखाएवढी होती. “मागे खांब आहे. दिसतोय का तिला? अहो, ती दिसतच नाहीये मला. कुणी चालवतंय का?”

गाडी थांबली, चाक फिरलं, पुन्हा मागे आली. ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला, की बोटं रुतली.

“काही होत नाही,” मी तिला म्हणाले. “श्वास घ्या. तिला सगळं दिसतं.”